पाण्यातील प्रतिजैविकांसाठी नॅनोद्रव्याधारित संवेदक

पाण्यातील प्रतिजैविकांसाठी नॅनोद्रव्याधारित संवेदक ही नदी, तलाव, भूजल, सांडपाणी किंवा पिण्याचे पाणी यांत मिसळलेल्या प्रतिजैविक औषधांचे अंश ओळखणारी आणि त्यांचे प्रमाण मोजणारी साधने होत. ज्या पदार्थांच्या कणांची किमान एक मिती साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर असते, त्यांना नॅनोद्रव्ये म्हणतात. सोन्याचे व चांदीचे नॅनोकण, कार्बन बिंदू, क्वांटम बिंदू, ग्राफीन, कार्बन नळ्या आणि धातू-सेंद्रिय चौकटी ही या संवेदकांत वापरली जाणारी प्रमुख नॅनोद्रव्ये आहेत. औषधाचा रेणू अशा द्रव्याच्या सान्निध्यात आला की द्रव्याचा रंग, अनुस्फुरण, विद्युतप्रवाह किंवा प्रकाशाचे प्रकीर्णन यांत मोजता येण्याजोगा बदल होतो. या बदलावरून पाण्यातील औषधाची संहती ठरवली जाते.

प्रतिजैविकांचे अवशेष मोजण्याची प्रस्थापित पद्धत अचूक असली तरी ती खर्चिक असून मध्यवर्ती प्रयोगशाळेवर अवलंबून असते. नमुना जेथे घेतला तेथेच, कमी वेळात व कमी खर्चात तपासणी करता यावी, हा नॅनोसंवेदकांच्या संशोधनामागील मुख्य हेतू आहे. हे तंत्र अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या टप्प्यावर असून नियामक तपासणीत त्याने प्रस्थापित पद्धतीची जागा घेतलेली नाही.

## पार्श्वभूमी

### प्रतिजैविके पाण्यात कशी येतात

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावल्यानंतर, विशेषतः १९४० च्या दशकापासून, प्रतिजैविकांचा वापर जगभर वाढत गेला. माणसाने किंवा जनावराने घेतलेल्या औषधाचा बराचसा भाग शरीरात न बदलता बाहेर टाकला जातो. उदाहरणार्थ, तोंडावाटे घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनपैकी सुमारे ४० ते ५० टक्के भाग मूत्रावाटे मूळ स्वरूपातच बाहेर पडतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची रचना मुख्यतः सेंद्रिय भार, गाळ आणि पोषकद्रव्ये कमी करण्यासाठी केलेली असल्याने हे रेणू तेथे पूर्णपणे नष्ट होत नाहीत. रुग्णालयांचे सांडपाणी, पशुपालन व कुक्कुटपालन, मत्स्यशेती, मुदत संपलेली औषधे टाकून देणे आणि औषधनिर्मिती कारखान्यांतील सांडपाणी हे प्रदूषणाचे अन्य स्रोत आहेत.

पाण्यात गेल्यावर सर्व प्रतिजैविके सारखी वागत नाहीत. पेनिसिलीन व अमॉक्सिसिलीन या बीटा-लॅक्टम वर्गातील औषधांचे वलय पाण्यात तुलनेने लवकर तुटते. म्हणून त्यांचा वापर मोठा असूनही त्यांचे मूळ रेणू पाण्यात कमी आढळतात. फ्लुरोक्विनोलोन वर्गातील औषधे गाळाला घट्ट चिकटतात व सूर्यप्रकाशात त्यांचे विघटन होते. सल्फोनामाइड औषधे मात्र पाण्याबरोबर सहज वाहत जातात आणि भूजलापर्यंत पोहोचू शकतात. टेट्रासायक्लीन कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या आयनांशी संयोग पावते. संवेदक कोणत्या औषधासाठी आणि कोणत्या प्रकारच्या पाण्यासाठी बनवायचा, हे ठरवताना या फरकांचा विचार करावा लागतो.

### पतनचेरू येथील निरीक्षणे

प्रतिजैविकांच्या औद्योगिक प्रदूषणाकडे जगाचे लक्ष वेधणारे एक महत्त्वाचे संशोधन भारतात झाले. हैदराबादजवळील पतनचेरू येथे सुमारे ९० औषधनिर्मिती कारखान्यांचे सांडपाणी स्वीकारणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढी संहती निर्माण होते, तिच्यापेक्षाही हे प्रमाण जास्त होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात परिसरातील तलाव, ओढे व विहिरींच्या पाण्यातही औषधांचे अंश सापडले. या भागातील ओढ्यांचे पाणी नक्कावागू या प्रवाहातून मांजरा नदीला मिळते. मांजरा ही बीड जिल्ह्यात उगम पावणारी गोदावरीची उपनदी आहे.

समस्या एका प्रदेशापुरती मर्यादित नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. यॉर्क विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सर्वेक्षणात १०४ देशांतील २५८ नद्यांमधून १,०५२ ठिकाणांचे नमुने घेऊन ६१ औषधी घटकांसाठी तपासण्यात आले. त्यांत अनेक प्रतिजैविकांचा समावेश होता.

### प्रतिरोधाचा धोका

पाण्यातील प्रतिजैविकांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी इतके कमी असते की ते पाणी पिणाऱ्यावर औषधाचा थेट परिणाम होण्याची शक्यता नसते. खरा धोका जीवाणूंमधील प्रतिजैविक प्रतिरोधाचा आहे. जीवाणूंची वाढ थांबवण्यासाठी लागणाऱ्या किमान संहतीपेक्षा कितीतरी कमी प्रमाणातही औषध पाण्यात असेल, तर प्रतिरोधक जीवाणूंना इतरांपेक्षा थोडा फायदा मिळतो आणि पिढ्यांमागून पिढ्या त्यांचे प्रमाण वाढत जाते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वाढ थांबवणाऱ्या संहतीच्या शेकडो पट कमी संहतीलाही अशी निवड होऊ शकते, असे दाखवले. प्रतिरोधाची जनुके एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जाऊ शकतात. त्यामुळे पर्यावरणातील निरुपद्रवी जीवाणूंमधील प्रतिरोध रोगजंतूंपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला असतो.

२०२२ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जीवाणूंच्या संसर्गामुळे झाले. त्यांपैकी किती मृत्यूंचा संबंध पाण्यातील औषधांशी जोडता येईल, हे वेगळे काढता येत नाही. रुग्णालयांतील व समाजातील औषधांचा अतिवापर हे प्रतिरोधाचे प्रमुख कारण मानले जाते.

### किती प्रमाण सुरक्षित

योहान बेंग्टसन-पाल्मे आणि योआकिम लार्सन यांनी २०१६ साली १११ प्रतिजैविकांसाठी अशा संहती सुचवल्या, की ज्यांखाली प्रतिरोधक जीवाणूंची निवड होणार नाही असा अंदाज करता येतो. या संहती एका लिटरमागे ८ नॅनोग्रॅमपासून ६४ मायक्रोग्रॅमपर्यंत आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी ही संहती ६४ नॅनोग्रॅम, तर टेट्रासायक्लीनसाठी १ मायक्रोग्रॅम आहे. पतनचेरूच्या सांडपाण्यात सापडलेली सर्वोच्च संहती ६४ नॅनोग्रॅमच्या सुमारे ४ लाख ८४ हजार पट भरते. संवेदकाला कोणत्या पल्ल्यात काम करावे लागेल, याची कल्पना या दोन टोकांवरून येते.

## प्रस्थापित पद्धती

पाण्यातील प्रतिजैविके मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे द्रव वर्णलेखनाला जोडलेले द्रव्यमान वर्णपटमापन. या पद्धतीत नमुना गाळून तो एका विशिष्ट अधिशोषकाच्या नळीतून जाऊ देतात, त्यावर अडकलेली औषधे थोड्या द्रावकात उतरवतात आणि यंत्रात घालतात. वर्णलेखनाच्या स्तंभात घटक एकमेकांपासून वेगळे होतात व द्रव्यमापकात त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटते. एकाच वेळी अनेक औषधे एका लिटरमागे नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजता येणे, ही या पद्धतीची मोठी ताकद आहे. तथापि यंत्राची मोठी किंमत, शुद्ध द्रावके, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था या सर्वांची गरज असल्याने एखाद्या नदीवर वारंवार व अनेक ठिकाणी अशी तपासणी करणे कठीण जाते. कारखान्यातून रात्री काही तासच सोडलेले सांडपाणी महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात सापडेलच असे नाही.

प्रतिपिंडांवर आधारित एलायझा चाचणी आणि जीवाणूंची वाढ थांबते का हे पाहणारी सूक्ष्मजैविक चाचणी याही वापरल्या जातात. दुधातील प्रतिजैविकांच्या तपासणीत त्या विशेष रूढ आहेत.

## रचना व कार्यतत्त्व

कोणत्याही रासायनिक संवेदकाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग लक्ष्य रेणूला ओळखतो. त्याला ओळख घटक म्हणता येईल. दुसरा भाग त्या ओळखीचे रूपांतर मोजता येण्याजोग्या संकेतात करतो. त्याला रूपांतरक म्हणतात. नॅनोद्रव्य यांपैकी एका किंवा दोन्ही भागांचे काम करते.

नॅनोद्रव्ये उपयुक्त ठरण्याचे पहिले कारण म्हणजे त्यांचे प्रचंड पृष्ठफळ. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला, तर सर्व लहान घनांचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. औषधाच्या रेणूंना चिकटण्यासाठी त्यामुळे कितीतरी अधिक जागा उपलब्ध होते. दुसरे कारण असे की, या आकारमानाला पदार्थाचे प्रकाशीय व विद्युत गुणधर्म बदलतात. सोने पिवळे दिसते, पण त्याच्या १३ नॅनोमीटर व्यासाच्या कणांचे कलिल लालबुंद असते. क्वांटम बिंदूचा आकार बदलला की त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंगही बदलतो.

### ओळख घटक

नॅनोकण स्वतः फारसा निवडक नसतो. अमुक एकाच औषधाला प्रतिसाद मिळावा यासाठी त्याला पुढीलपैकी एखाद्या ओळख घटकाची जोड दिली जाते.

* प्रतिपिंडे: ही प्रथिने लक्ष्य रेणूला घट्ट व निवडकपणे धरतात. ती तयार करणे खर्चिक असते आणि उष्णतेने ती निकामी होतात. प्रतिजैविकाचा रेणू लहान असल्याने त्याला मोठ्या प्रथिनाशी जोडूनच प्रतिपिंडे मिळवावी लागतात.
* ॲप्टामर: हे डीएनए किंवा आरएनएचे एकपदरी लहान तुकडे असून विशिष्ट रेणूभोवती ते ठरावीक आकारात दुमडतात. असंख्य यादृच्छिक तुकड्यांतून योग्य तुकडा निवडण्याची पद्धत १९९० साली दोन स्वतंत्र संशोधनगटांनी मांडली. कानामायसिन, टेट्रासायक्लीन इत्यादी औषधांसाठी ॲप्टामर उपलब्ध आहेत.
* रेणुमुद्रित बहुवारिके: लक्ष्य रेणूच्या उपस्थितीत बहुवारिक तयार करून नंतर तो रेणू धुऊन काढला जातो. मागे उरलेल्या पोकळीचा आकार व रासायनिक स्वरूप त्या रेणूशी जुळते. ही द्रव्ये टिकाऊ व स्वस्त असतात. मात्र एकाच वर्गातील सारख्या आकाराच्या औषधांमध्ये भेद करणे त्यांना अवघड जाते.

## इतिहास

सोन्याच्या सूक्ष्म कणांचा लाल रंग त्यांच्या आकारमानाशी निगडित असल्याचे मायकेल फॅराडे यांनी १८५७ साली मांडले. सायट्रेट वापरून एकसारख्या आकाराचे सोन्याचे नॅनोकण बनवण्याची, आजही प्रचलित असलेली पद्धत जॉन टर्केविच व सहकाऱ्यांनी १९५१ साली वर्णिली. लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडलेला एंझाइम इलेक्ट्रोड हा जैवसंवेदकांचा आरंभबिंदू मानला जातो.

१९९१ साली सुमिओ इजिमा यांच्या कार्बन नळ्यांवरील संशोधनाने नॅनोकार्बनकडे लक्ष वेधले गेले. १९९६ साली चॅड मिर्किन व सहकाऱ्यांनी सोन्याचे नॅनोकण डीएनएच्या धाग्यांनी एकमेकांशी जोडता येतात, हे दाखवले. रंगबदलावर आधारित संवेदकांचा पाया या कामाने घातला. २००४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांचे ग्राफीनवरील संशोधन प्रसिद्ध झाले, तसेच अनुस्फुरक कार्बन बिंदूंचे पहिले वर्णनही आले. ग्राफीनसाठी २०१० चे भौतिकशास्त्राचे, तर क्वांटम बिंदूंसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रतिजैविकांसाठीच्या नॅनोसंवेदकांवरील संशोधनाला मुख्यतः २०१० नंतर वेग आला.

## प्रकार

### रंगमितीय संवेदक

सोन्याच्या नॅनोकणांतील मुक्त इलेक्ट्रॉन विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाबरोबर सामूहिकपणे आंदोलित होतात. या घटनेला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. एकमेकांपासून दूर असलेले लहान कण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात व द्रावण लाल दिसते. कण एकत्र गोळा झाले की शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरच्या दिशेने सरकते आणि द्रावण जांभळे किंवा निळे होते.

ॲप्टामरचा वापर करणाऱ्या सर्वांत साध्या रचनेत एकपदरी डीएनए सोन्याच्या कणांवर चिकटून त्यांना मिठाच्या परिणामापासून वाचवतो. पाण्यात लक्ष्य औषध असेल, तर ॲप्टामर त्याच्याशी बद्ध होऊन कणांपासून दूर होतो. मग मीठ घातल्यावर उघडे पडलेले कण गोळा होतात व रंग बदलतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या तत्त्वाने कानामायसिनची २५ नॅनोमोल प्रति लिटर इतकी संहती ओळखता आली. वस्तुमानात सांगायचे तर हे प्रमाण एका लिटरमागे सुमारे १२ मायक्रोग्रॅम होते. निकाल डोळ्यांनी दिसतो, तसेच मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रातील रंगांवरून तो आकड्यांतही मांडता येतो.

### अनुस्फुरण संवेदक

यांत नॅनोद्रव्यातून निघणारा प्रकाश औषधामुळे मंद होतो, वाढतो किंवा त्याचा रंग बदलतो. टेट्रासायक्लीन सुमारे ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश जोरदार शोषते. अनेक कार्बन बिंदूंना उद्दीपित करण्यासाठी हाच प्रकाश लागतो. औषधाने तो आधीच शोषून घेतल्यामुळे कार्बन बिंदूंची चमक कमी होते. ही पद्धत सोपी असली तरी त्याच तरंगलांबीचा प्रकाश शोषणारा कोणताही अन्य पदार्थ असाच परिणाम घडवू शकतो.

युरोपियम धातूचा वापर करणारे संवेदक अधिक खात्रीचे मानले जातात. टेट्रासायक्लीनचा रेणू युरोपियमच्या आयनाशी बद्ध होतो, स्वतः शोषलेली ऊर्जा त्याला देतो आणि युरोपियम सुमारे ६१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देऊ लागतो. निळ्या कार्बन बिंदूंबरोबर युरोपियम वापरल्यास औषध वाढत जाईल तसा रंग निळ्याकडून लालकडे सरकतो. दोन रंगांच्या तीव्रतेचे गुणोत्तर घेतल्याने दिव्याच्या प्रखरतेतील चढउतारांचा निकालावर फारसा परिणाम होत नाही.

धातू-सेंद्रिय चौकटी या धातूचे आयन व सेंद्रिय दुवे यांनी बनलेल्या सच्छिद्र स्फटिकी जाळ्या आहेत. झिर्कोनियमवर आधारित चौकटी पाण्यात टिकाऊ असल्याने विशेष उपयुक्त ठरल्या आहेत. त्या औषधाला छिद्रांत गोळाही करतात आणि त्याच वेळी अनुस्फुरणातून त्याची खूणही देतात. नायट्रोफ्युरान वर्गातील औषधे ओळखण्यासाठी त्यांचा अभ्यास झाला आहे.

### विद्युतरासायनिक संवेदक

अनेक प्रतिजैविकांचे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण किंवा क्षपण होऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉलमधील नायट्रो गटाचे क्षपण होते, तर सल्फामेथॉक्साझोलमधील ॲरोमॅटिक अमाइन गटाचे ऑक्सिडीकरण होते. विभव बदलत नेल्यावर ठरावीक विभवाला प्रवाहाचा उंचवटा दिसतो व त्याची उंची संहतीच्या प्रमाणात असते. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर हा उंचवटा अस्पष्ट असतो. ग्राफीन, कार्बन नळ्या किंवा धातूंच्या नॅनोकणांचा थर दिल्यास इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सुलभ होते व उंचवटा ठळक होतो. रेणुमुद्रित बहुवारिकाचा किंवा ॲप्टामरचा थर देऊन निवडक्षमता वाढवली जाते.

या प्रकारातील उपकरण हाताच्या तळव्यावर मावेल इतके लहान करता येते. छपाई तंत्राने बनवलेले एकवापरी इलेक्ट्रोड स्वस्त असतात. मधुमेही रुग्ण घरी वापरतात त्या रक्तशर्करामापकाचे तत्त्वही विद्युतरासायनिकच आहे. गढूळ पाण्यातही मापन करता येणे हा या प्रकाराचा प्रकाशीय पद्धतींपेक्षा वेगळा गुण आहे.

### पृष्ठवर्धित रामन संवेदक

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामानुसार, रेणूवरून प्रकीर्ण झालेल्या प्रकाशाच्या अत्यल्प भागाची तरंगलांबी बदलते आणि तो बदल त्या रेणूच्या कंपनांची ओळख सांगतो. हा संकेत फार क्षीण असतो. खडबडीत चांदीच्या पृष्ठभागावर असामान्य तीव्र संकेत मिळत असल्याचे १९७४ साली मार्टिन फ्लाइशमन व सहकाऱ्यांना आढळले. पृष्ठभागामुळे संकेत लाखो पटींनी वाढतो, हे १९७७ साली स्पष्ट झाले. चांदी किंवा सोन्याच्या नॅनोकणांमधील अरुंद फटींत अडकलेल्या औषधाच्या रेणूचा वर्णपट म्हणजे त्याचा जणू बोटाचा ठसा असतो. त्यामुळे या पद्धतीत वेगळ्या ओळख घटकाची गरज नेहमीच भासत नाही. मात्र नॅनोकणांची रचना प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी होत नसल्याने प्रमाण मोजण्यात फरक पडतो.

### चाचणी पट्ट्या

कागदी पट्टीवर सोन्याचे नॅनोकण जोडलेली प्रतिपिंडे वापरून गर्भचाचणीसारखी रेषा दाखवणारी पट्टी बनवता येते. दुधातील प्रतिजैविकांसाठी अशा पट्ट्या बाजारात आहेत. नॅनोसंवेदकांच्या सर्व प्रकारांत प्रत्यक्ष वापरात सर्वाधिक रुळलेला प्रकार हाच आहे.

### तुलना

| प्रकार | मोजला जाणारा संकेत | प्रमुख नॅनोद्रव्ये | गुण | उणीव |
|---|---|---|---|---|
| रंगमितीय | रंगातील बदल | सोन्याचे कण | डोळ्यांनी निकाल, अल्प खर्च | क्षारांचा अडथळा |
| अनुस्फुरण | प्रकाशाची तीव्रता वा रंग | कार्बन बिंदू, क्वांटम बिंदू, धातू-सेंद्रिय चौकटी | उच्च संवेदनशीलता | सेंद्रिय पदार्थांचा अडथळा |
| विद्युतरासायनिक | विद्युतप्रवाह | ग्राफीन, कार्बन नळ्या | लहान उपकरण, गढूळ पाण्यात उपयोगी | इलेक्ट्रोडवर थर साचणे |
| पृष्ठवर्धित रामन | प्रकीर्ण प्रकाशाचा वर्णपट | चांदी व सोन्याचे कण | रेणूची थेट ओळख | पुनरावृत्तीत फरक |
| चाचणी पट्टी | रंगीत रेषा | सोन्याचे कण | प्रशिक्षणाची गरज अल्प | बहुधा केवळ आहे-नाही असा निकाल |

## शोधमर्यादा व प्रत्यक्ष गरज

औषध नसलेल्या नमुन्याच्या संकेतात होणाऱ्या चढउतारापासून निश्चितपणे वेगळी ओळखता येईल अशा किमान संहतीला शोधमर्यादा म्हणतात. सामान्यतः कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाच्या तिपटीला संवेदकाच्या संवेदनशीलतेने भागून ती काढतात. प्रमाण विश्वासाने मोजण्यासाठी याहून मोठी, सहसा दहापट विचलनावर आधारलेली, मर्यादा धरली जाते.

शोधप्रबंधांत ही मर्यादा बहुधा नॅनोमोलमध्ये, तर पर्यावरणीय मानके नॅनोग्रॅम किंवा मायक्रोग्रॅममध्ये दिलेली असतात. त्यामुळे वाचकाची गफलत होण्याची शक्यता असते. सिप्रोफ्लॉक्सासिनचे रेणुवस्तुमान ३३१ आहे. म्हणून ६४ नॅनोग्रॅम प्रति लिटर म्हणजे सुमारे ०.१९ नॅनोमोल प्रति लिटर होतात. याचा अर्थ १० नॅनोमोल शोधमर्यादा असलेला संवेदक या औषधाच्या सुचवलेल्या सुरक्षित संहतीपेक्षा पन्नासपटीहून अधिक प्रमाण असेल तरच ते दाखवील. अशा संवेदकाने 'आढळले नाही' असा निकाल दिला, तरी पाणी सुरक्षित आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

याउलट, मिलिग्रॅमच्या पातळीवरील औद्योगिक सांडपाण्यात तोच संवेदक पुरेसा ठरतो, किंबहुना नमुना पातळ करूनच मोजावा लागतो. त्याचप्रमाणे कानामायसिनसाठी वर उल्लेखिलेली सुमारे १२ मायक्रोग्रॅमची मर्यादा दुधाच्या तपासणीला पुरेशी आहे, कारण युरोपीय संघाने दुधात या औषधाला किलोग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. म्हणून संवेदक चांगला की वाईट हे केवळ शोधमर्यादेच्या आकड्यावरून ठरत नाही. तो कारखान्याच्या नळाशी वापरायचा की नदीच्या पात्रात, यावर ते अवलंबून असते. कमी संहतीसाठी चुंबकीय आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांवर औषध गोळा करून, चुंबकाने ते कण वेगळे काढून मग मापन करण्याचा मार्ग अवलंबला जातो.

## मर्यादा व आक्षेप

* पाण्यातील अन्य घटक: नैसर्गिक पाण्यातील ह्युमिक पदार्थ स्वतः अनुस्फुरक असतात व नॅनोकणांवर चिकटतात. नदीच्या पाण्यातील क्षारांमुळे सोन्याचे कण औषधाशिवायही गोळा होऊ शकतात. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम टेट्रासायक्लीनला धरून ठेवतात. नमुना पातळ केल्यास हे अडथळे कमी होतात, पण त्याच प्रमाणात औषधही विरळ होते.
* फसवे संकेत: काही औषधांचे रेणू ॲप्टामरच्या मदतीशिवाय थेट सोन्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. कानामायसिनवर अनेक अमाइन गट असल्याने ते ऋणभारित सोन्याच्या कणांना स्वतःच एकत्र आणू शकते. अशा वेळी रंग बदलला तरी ॲप्टामरने औषध ओळखले असे सिद्ध होत नाही. म्हणून ॲप्टामरचा क्रम मुद्दाम बदलून केलेला नियंत्रण प्रयोग आवश्यक मानला जातो.
* कृत्रिम नमुने: पुष्कळ अभ्यासांत नळाच्या किंवा नदीच्या पाण्यात ज्ञात प्रमाणात औषध मिसळून ते पुन्हा किती मोजले जाते एवढेच तपासलेले असते. प्रत्यक्ष प्रदूषित पाण्यावर, प्रस्थापित पद्धतीशी तुलना करून केलेली तपासणी हीच खरी कसोटी होय.
* एकाच औषधाची ओळख: सांडपाण्यात अनेक प्रतिजैविके व त्यांची विघटनद्रव्ये एकत्र असतात. बहुतेक संवेदक त्यांपैकी एखादेच ओळखतात.
* टिकाऊपणा: दीर्घकाळ पाण्यात ठेवलेल्या संवेदकावर जीवाणूंचा व गाळाचा थर साचतो, प्रतिपिंडे व डीएनए विघटित होतात आणि संकेत हळूहळू सरकत जातो.
* नॅनोद्रव्यांचे स्वतःचे प्रदूषण: कॅडमियमयुक्त क्वांटम बिंदूंमधून विषारी कॅडमियम पाण्यात उतरू शकते. चांदी स्वतःच जीवाणुरोधक असून तिच्याविरुद्धही जीवाणूंत प्रतिरोध आढळतो. कार्बन बिंदूंकडे वाढलेला कल काही अंशी यामुळे आहे.

याशिवाय, औषधाचे प्रमाण मोजणे म्हणजे प्रतिरोध मोजणे नव्हे. २०११ साली नवी दिल्लीतील नळाच्या व साचलेल्या पाण्याच्या काही नमुन्यांत एनडीएम-१ हे प्रतिरोधाचे जनुक आढळल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. असे जनुक मलमूत्रयुक्त सांडपाण्यातून, औषधाचे अंश नगण्य असतानाही पाण्यात येऊ शकते. त्याच्या शोधासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

## नियमन

युरोपीय संघाने पृष्ठजलात लक्ष ठेवण्याच्या पदार्थांच्या यादीत २०१५ साली एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन व ॲझिथ्रोमायसिन यांचा समावेश केला. २०१८ साली अमॉक्सिसिलीन व सिप्रोफ्लॉक्सासिन, २०२० साली सल्फामेथॉक्साझोल व ट्रायमेथोप्रिम, तर २०२२ साली क्लिंडामायसिन व ऑफ्लॉक्सासिन यांची त्यात भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या निर्मितीतील सांडपाणी व घनकचरा यांच्या व्यवस्थापनाविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

भारतात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मसुदा अधिसूचनेत औषधनिर्मिती उद्योगाच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा प्रस्तावित केल्या होत्या. २०२१ साली निघालेल्या अंतिम अधिसूचनेत या मर्यादांचा समावेश नव्हता. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ यातही प्रतिजैविकांसाठी मर्यादा दिलेली नाही.

मर्यादा आणि मापन यांचा परस्परसंबंध आहे. मर्यादा ठरलेली नसेल तर नियमित मोजणीची सक्ती होत नाही, आणि नियमित मोजणीचे साधन स्वस्त व सुलभ नसेल तर ठरवलेली मर्यादाही कागदावरच राहते. संवेदकाचा निकाल कायदेशीर पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासाठी मान्यताप्राप्त चाचणीपद्धती, संदर्भ नमुने आणि अनेक प्रयोगशाळांत एकाच वेळी केलेली पडताळणी यांची आवश्यकता असते.

## उपयोग

सद्यस्थितीत नॅनोसंवेदकांचा सर्वांत व्यवहार्य उपयोग प्राथमिक चाळणीसाठी सुचवला जातो. प्रवाहाच्या अनेक ठिकाणी संवेदकाने झटपट तपासणी करावी, संशयास्पद ठिकाणचेच नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत आणि अंतिम निष्कर्ष द्रव्यमान वर्णपटमापनावरून काढावा, अशी ही दुहेरी रचना आहे. कारखान्यांची व रुग्णालयांची सांडपाणी निर्गमस्थाने, सामायिक प्रक्रिया केंद्रे, मत्स्यशेतीची तळी व दूध संकलन केंद्रे ही अशा तपासणीची संभाव्य ठिकाणे आहेत. प्रक्रिया केंद्रात ओझोन किंवा सक्रिय कार्बन वापरल्यानंतर औषध किती घटले, हे वारंवार पाहण्यासाठीही त्यांचा उपयोग होऊ शकतो.

## हेही पाहा

* प्रतिजैविक
* प्रतिजैविक प्रतिरोध
* जलप्रदूषण
* जैवसंवेदक
* अब्जांश तंत्रज्ञान
* रामन परिणाम